संध्याकाळची झोप

सोमवार, ३ ऑगस्ट १९८७

ह्यांना जानेवारीत कंपनीतून मिळालेली ही डायरी सात महिने कपाटात कोरीच पडली होती. आज उघडली, कारण आजपासून माझंही काम सुरू झालं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पाळणाघर काढलं आहे. पाळणाघर म्हणजे आमचीच पुढची खोली, आणि मुलं म्हणजे सध्या एकच. मैत्री. दहा महिन्यांची.

तिची आई करुणा मोहिते मागच्या गल्लीत भाड्याने राहते. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. नवरा शिवराम एसटीत मेकॅनिक, त्याची बदली जालन्याला झालेली. महिन्यातून दोनदा येतो. सासू गावी, माहेरही तिकडेच. इथे अंबरनाथला तिचं कुणी नाही.

सकाळी साडेआठला तिने पोर माझ्या हातात दिली आणि एक कागद दिला. चक्क टाईप केलेला. दहाला एक झोप, दोनला एक झोप, रात्री साडेआठला घरी. खाली रेघ मारून लिहिलं होतं, चारनंतर झोपू देऊ नये.

"काकी, शेवटचं तेवढं नक्की बघा हां," म्हणाली.

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, झोप काय घड्याळ बघून येते?

मैत्री अकरापर्यंत रडली. मग माझ्या दंडावरच वीस मिनिटं झोपली. दुपारी जरा डोळा लागला तर कंपनीचा साडेतीनचा भोंगा झाला आणि दचकून उठली. इतकी वर्षं तो भोंगा ऐकते आहे, त्याचा राग आज पहिल्यांदा आला.

बुधवार, ५ ऑगस्ट

कालही झोप नाही. आज मी माझं जुनं मऊ लुगडं काढलं आणि आढ्याच्या कडीला झोळी बांधली. हे पहिल्या पाळीहून आले, बघितलं आणि म्हणाले, "तिच्या आयेला विचारलंस?"

त्यात विचारायचं काय? आमची सखूही झोळीतच वाढली.

अकरा ते एक झोपली. पुन्हा अडीच ते चार. मी एका हाताने झोका देत भाजी निवडली. लुगड्यातून तिच्या खांद्याची गोलाई दिसत होती. घरात कुणी झोपलं आहे म्हणून भांडी न वाजवता ठेवायची, ही सवय मी विसरूनच गेले होते.

शनिवार, ८ ऑगस्ट

दिवस चांगला जातो. संध्याकाळचा एक तास मात्र जीव खातो. सहा वाजले की बाई रांगत दाराशी जाते, उंबऱ्यावर हात ठेवून बसते. गल्लीतून कुणीही गेलं की मान वर. मी खुळखुळा वाजवला, वाटीत चमचा वाजवला, मांजर दाखवलं. बघत नाही. साडेसहाला भोकाड. करुणा सव्वासातला आली तेव्हा आम्ही दोघी घामाघूम झालो होतो, आणि आईला बघून ती आणखीच रडली.

"दिवसभर रडते का हो अशी?" करुणाने विचारलं.

"छे गं! एवढा वेळच."

तिला खरं वाटलं नसावं.

सोमवार, १० ऑगस्ट

आज युक्ती सुचली. सहा वाजता, ती दाराशी जायच्या आतच मऊ भात भरवला आणि झोळीत घातली. थोडी धडपडली, मग गप्प. करुणा आली तेव्हा पोर गाढ. मी ओठावर बोट ठेवलं.

"आत्ता पाच मिनिटं झाली डोळा लागून. जेवलीय पण. आता तू निवांत तुझं आवर."

ती झोळीपाशी थोडा वेळ उभी राहिली. मग हळूच उचलून घेऊन गेली. दिवसभर टाईप करून बोटं दुखत असतील. आयतं झोपलेलं मूल मिळालं तर कुणाला बरं वाटणार नाही?

पाच मिनिटं नव्हती, तास झाला होता. पण उगाच तिच्या डोक्याला ताप कशाला.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

आठवडाभर हीच युक्ती चालते आहे. संध्याकाळ कशी शांत जाते. करुणाचे डोळे मात्र खोल गेलेत. म्हणाली, "काकी, ही रात्री अकराला उठते आणि दोन-दोन वाजेपर्यंत खेळत बसते. दुपारी फार झोपते का?"

मी वेळा सांगितल्या. अकरा ते एक, अडीच ते चार. संध्याकाळची सांगितली नाही. ती काही झोप नव्हे, नुसता डोळा लागतो. तिला म्हटलं, रात्री तळपायाला तेल चोळ. दात येत असतील.

मंगळवार, १८ ऑगस्ट

मैत्री आज उभी राहिली! पाण्याच्या पिंपाला धरून, दोन्ही पायांवर, चांगली वीस आकडे मोजेपर्यंत. हे नुकतेच आले होते. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या तशी ती स्वतःही टाळ्या वाजवायला गेली आणि धपकन बसली. ह्यांना इतकं मोठ्याने हसताना मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

करुणा आली तेव्हा अर्थातच पोर झोपलेली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"कुठे उभी राहिली?" तिने विचारलं.

"ते काय, त्या पिंपाला धरून."

ती आत आली, पिंपापाशी गेली आणि त्याच्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. आज नळाला बारवी धरणाचं पाणी उशिरा आलं, पिंप किती भरलं ते बघत असावी. तिच्याकडे कमी आलं असेल म्हणून मी एक कळशी देऊ केली तर नको म्हणाली.

रविवार, २३ ऑगस्ट

आज सुट्टी. झोळी धुऊन वाळत घातली. घर मोकळं मोकळं लागतं.

सखूचं पनवेलहून पत्र आलं. गणपतीला येणार नाही, सासरी पाहुणे आहेत. चार ओळींचं पत्र. त्यातल्या दोन ओळी, आजीच्या फोटोला हार घाला म्हणून. आजी म्हणजे माझी सासू, भिमाबाई. तिला जाऊन सहा वर्षं झाली. सखूला अजून तिचीच आठवण येते. यायचीच, तिनेच तर वाढवली.

मंगळवार, २५ ऑगस्ट

करुणाला आज शेठ बोलला. टाईप करता करता तिचा डोळा लागला, एका पत्रात रक्कम चुकली. शेठ म्हणाला, "बेटी, घर की नींद घर में पूरी करके आओ." सांगताना हसली.

ती गेल्यावर हे ओट्यावरून म्हणाले, "गोदू, ती पोर आयेला जागी कवा दिसते गो?"

"म्हणजे काय?"

"सकाळी अर्धवट झोपेतली आणून देते. संध्याकाळी झोपलेली नेते. कवा बघते ती तिला?"

मला संताप आला. दिवसभर मी वाकून वाकून कंबर मोडते आणि हे ओट्यावर बसून हिशेब मांडतात. म्हटलं, "तुम्ही सांभाळा मग संध्याकाळी सहा ते सात. बघू दोन दिवस."

जेवताना माझ्याकडे बघत नव्हते.

सोमवार, ३१ ऑगस्ट

गणपती झाले. आमचा दीड दिवसाचा. करुणाने दोन दिवस रजा काढली होती, शिवराम आला होता. चार दिवस मैत्री घरीच. आज सोडायला आली तेव्हा करुणाचा चेहरा फुलला होता.

"काकी, चारही रात्री सलग झोपली! साडेआठला जी झोपायची ती थेट पहाटे पाचला उठायची. मलाच खरं वाटेना."

मी चांगलं झालं म्हटलं. पण दिवसभर मनात ठुसठुसत राहिलं. म्हणजे माझ्याकडेच बिघडते की काय? आजही सहाला झोपवली. सवय झाली आहे तिला. मोडायची कशी?

गुरुवार, ३ सप्टेंबर

आजचं लिहायलाच हवं.

आज शेठच्या नात्यात कुणी वारलं म्हणून ऑफिस लवकर सुटलं. करुणा सव्वासहालाच आली. मला कळलं नाही. मी झोळीला झोके देत होते आणि मैत्री झोपायला तयार नव्हती. झोळीच्या कडेने डोकं वर काढून दाराकडे बघत होती. मी तिचं डोकं हाताने खाली दाबत होते. हळूच, पण दाबत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काकी, रोज या वेळी झोपवता तिला?"

मी वळले. "रडते गं ती."

"मला तुम्ही म्हणायचात, आत्ता पाच मिनिटं झाली."

तिने झोळीतून पोर काढायला हात पुढे केले, आणि मैत्रीने, अर्धवट झोपेत काय वाटलं कोण जाणे, माझा पदर धरला आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. करुणाचे हात तसेच राहिले.

"रात्री एक वाजता खेळते ती माझ्याशी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मला झोपेने उभं राहवत नाही, आणि ती खेळते. तेवढीच मला मिळते. मी तेव्हाही तिला झोप, झोप म्हणून ओरडते."

पोर घेतली, दुधाची बाटली घेतली आणि गेली. झबलं दोरीवरच राहिलं.

शनिवार, ५ सप्टेंबर

काल आली नाही. आज आली नाही. नका येऊ. महिनाभर पोटच्या पोरीसारखी सांभाळली, भरवली, पुसली. खोटं बोलले ते तिच्याच भल्यासाठी. आजकालच्या मुलींना टाईप केलेल्या कागदावर मूल वाढवायचं असतं.

झबलं धुऊन घडी करून ठेवलं आहे.

रविवार, ६ सप्टेंबर

रात्री झोप लागली नाही. ह्यांनाही लागली नसावी. पहाटे अंथरुणातच म्हणाले, "तुला गिरणीचे दिवस आठवतात का गो?"

आठवतात की. तेव्हा आम्ही शिरगावला राहायचो. ह्यांना कंपनीची नोकरी लागायची होती आणि मी कुळगावच्या भातगिरणीत कामाला जायचे. सखू वर्षाची होती. दिवेलागणीनंतर तुसाने माखलेली मी धावत घरी यायचे. पायच धुवायचे, तोंड नंतर. आणि रोज सासू झोळीपाशी बसलेली असायची. ओठावर बोट. "झोपवली हं. तुला त्रास नको."

अंगात दूध दाटून चोळी ओली झालेली असायची. मी चुलीपाशी जाऊन भाकऱ्या थापायचे.

ह्यांना म्हटलं, "तुम्हाला कसं ठाऊक? मी कधी बोलले नव्हते."

"भाकऱ्या थापताना रडायचीस. धुराने म्हणायचीस."

उजाडल्यावर मी उठले.

सासू दुष्ट नव्हती. आजवर मला तिचा राग नव्हता, आजही नाही. पण ती तसं का करायची, हे मला आज कळतं आहे, कारण मी तेच केलं. त्रास वाचवायला नव्हे. सहा वाजले की मैत्री दाराकडे बघायची. दिवसभर मी भरवलेलं, झोपवलेलं, हसवलेलं, आणि सहा वाजता मी त्या खोलीत असून नसल्यासारखी. ते मला बघवत नव्हतं. म्हणून तिचे डोळे मिटवत होते.

लिहिलं एकदाचं. आता खोडणार नाही.

सोमवार, ७ सप्टेंबर

झबलं घेऊन करुणाकडे गेले. एकच खोली. बुद्धाच्या तसबिरीखाली मैत्री वाटी-चमचा घेऊन बसली होती. मला बघून चमचा टाकला आणि रांगत आली. मी तिला उचललं नाही, आधी करुणाकडे बघितलं. तिने मान हलवली तेव्हा उचललं.

कोपऱ्यात अर्धी भरलेली बॅग. लहान लहान कपडे.

"शिवरामचं पत्र आलंय," करुणा म्हणाली. "दोन वर्षांची होईपर्यंत गावी आईंकडे ठेवू म्हणतात. रविवारी न्यायला येतील. शेठने सांगितलंय, आणखी एक चूक झाली तर दुसरी टायपिस्ट बघेन. बुधवारपर्यंत रजा आहे."

"तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाचं काय, काकी? मला तर वाटतं ती मला ओळखायचीच बंद होईल. आत्ताच कुठे ओळखते? तुमच्या मानेत तोंड लपवलं तिने."

मग मी सांगितलं. सगळं. सहाची झोप महिनाभर लपवली ते. आणि का झोपवायचे तेही. सहा वाजले की ती उंबऱ्याशी कशी बसायची, कुत्रं गेलं तरी मान कशी वर करायची, मी कितीही वाजवलं तरी कशी वळायची नाही.

करुणाने हातातलं झबलं खाली ठेवलं.

"रोज बसायची?"

"पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी मी झोळीत दाबत होते ना, तेव्हाही ती दारच बघत होती."

"माझी वाट बघायची?"

"मग कुणाची गं?"

ती खाली बसली आणि रडायला लागली. मैत्री माझ्या कडेवरून वाकून बघायला लागली, तशी मी तिला खाली तिच्याजवळ सोडलं. तिने आईच्या गालाला हात लावला, ओला हात बघितला आणि तोंडात घातला. करुणा रडता रडता हसली.

निघताना म्हटलं, "पंधरा दिवस दे मला. नाही जमलं तर खुशाल गावी ने. पण मला जमवायचंय."

"मी शिवरामशी बोलते," ती म्हणाली. हो म्हणाली नाही.

गुरुवार, १० सप्टेंबर

आली. शिवरामने फोनवर पंधरा दिवस थांबायचं कबूल केलं आहे.

दुपारची एकच मोठी झोप ठरवली, जेवणानंतर बारा ते अडीच. सकाळी डुलकी लागली तर लागली. चारनंतर काही झालं तरी नाही. साडेपाचला गार पाण्याने हातपाय धुतले आणि तिला घेऊन बाहेर पडले. नाक्यावर, जिथे उल्हासनगरच्या शेअर रिक्षा थांबतात तिथे जाऊन उभी राहिले. घरात दाराशी बसून वाट बघण्यापेक्षा निदान रिक्षा तरी दिसतात.

पाऊण तास रडली. माझ्या खांद्यावर डोकं टाकायची, मी पुन्हा उभी करायचे. वडापाववाला म्हणाला, "मौशी, झोपू दे ना बिचारीला." त्याला काय सांगणार? माझेही डोळे भरून आले होते.

करुणा सातला उतरली. मैत्री तिच्याकडे गेली ती रडतच. रात्री साडेसातलाच झोपली आणि साडेअकराला उठली. काही साधलं नाही.

सोमवार, १४ सप्टेंबर

शनिवारी रात्री पावणेनऊ ते तीन झोपली. काल घरी पाचपर्यंत. आज नाक्यावर कमी रडली. शेंगदाणेवाला आण्णा तिला कागदाची सुरळी करून देतो, ती फाडण्यात पंधरा मिनिटं जातात. ह्यांनी आज आपणहून विचारलं, "मी येऊ का गो?" आले. रिक्षा आली की प्रत्येकीचा नंबर मोठ्याने वाचून दाखवत होते. त्या पोरीला नंबर काय कळणार? पण ती ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

गुरुवार, १७ सप्टेंबर

सलग दोन रात्री, नऊ ते पाच. करुणाने रिक्षातून उतरल्या उतरल्या सांगितलं. शिवरामचं काही ठरलेलं नाही अजून. येत्या रविवारी तो येतो आहे, पोरीला बघून मग बोलू म्हणाला आहे.

आज मैत्रीने रिक्षात आई दिसताच दोन्ही हात उघडून अशी झेप घेतली की माझ्या हातून सुटतेच की काय. मी घट्ट धरून ठेवली, करुणाचे हात पोचेपर्यंत. मग सोडली. तिने मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं, लागेल मनाला. लागलं. वाटलं होतं तेवढंच लागलं.

रविवार, २० सप्टेंबर

कालचं लिहायचं राहिलं. शनिवारी करुणाला आठ वाजले. रिक्षा वाटेत बंद पडली. मी आणि मैत्री नाक्यावर दोन तासांच्या वर. तिच्या मानेचा नुसता लोळागोळा झाला होता. मी तिला जागं ठेवायला सगळं दाखवलं, दिवे, कुत्री, बर्फाची गाडी. मला येतं तेवढं सगळं संपल्यावर नुसतं म्हणत राहिले, आई येतेय. आई येतेय.

करुणा उतरली तेव्हा दोन्ही हातांत सामान. शिवराम येणार म्हणून बाजार केलेला. म्हणून पिशव्या घेऊन मी तिच्याबरोबर घरी गेले.

तिने पोरीला चार घास भरवले, अंग पुसलं, दिवा मालवला. मी निघते म्हटलं तर म्हणाली, "बसा ना काकी, आता दार वाजलं तर दचकेल. झोपली की जा." मी भिंतीला टेकून अंधारात बसले.

झोळी नाही, गाणं नाही. सतरंजीवर आडवी होऊन करुणाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात दिवसाचं सांगायला लागली. शेठने आज चहा पाजला. रिबन बदलली तर बोटं काळी झाली, बघ. रिक्षा बंद पडली तेव्हा मला काय वाटलं सांगू? मैत्री तिच्या भाषेत मध्ये मध्ये उत्तर देत होती. मग उत्तरं लांब लांब होत गेली. मग नुसता श्वास. करुणाचा हात पाठीवर तसाच होता, आणि थोड्या वेळाने तिचाही श्वास तसाच लागला. दोघी झोपल्या.

मूल रोज असंच झोपत असणार घराघरांत. मी पंचेचाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. श्वाससुद्धा आवाज न करता घेत किती वेळ बसले कोण जाणे.

मग दार हळूच ओढून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी हे बॅटरी घेऊन उभे होते.

"झोपली?"

"झोपली."

"तू झोपवलीस?"

"नाही हो," मी म्हटलं. "तिच्या आईने."